हजेरीबुक

भास्कर फ्रँकफर्टहून आला परवा,
टॉवेलच्या प्रदर्शनातून मोठी ऑर्डर घेऊन.
माझ्यासाठी चॉकलेटचा डबा. माझी साखर विसरला.
विडी घरकुलात, पंख्याखाली पाय पसरून म्हणाला,
"तात्या, ते छावण्यांचं सगळं फुगवलेलं हाय की.
टायफसनं मेले लोक. लढाईत औषध कुठलं?
तिथं तर बँड वाजायचा म्हणे.
मारायचंच असतं तर बँड कशाला?"

मी चहा बशीत ओतला.

चौतीस वर्षं मिलच्या फाटकावर हजेरी घेतली मी.
भोंगा. खिडकी. पितळी बिल्ला. नाव. टिक.
भाषणं मला कळत नाहीत, वह्या कळतात.

बँडचं मला लगेच उमगलं, भास्कर.
पाच-पाचच्या रांगा तालात चालल्या
की मोजायला सोपं जातं.
आणि संध्याकाळी, कामावर मेलेल्यांनाही
खांद्यावर टाकून आणायचे मैदानात,
जिवंतांच्या शेजारी ठेवायचे,
कारण बेरीज जुळली पाहिजे.
हे कुणी रचून सांगणार नाही.
हे कारकुनाचं आहे.

रेल्वेनं भाडं लावलं होतं, तिसऱ्या वर्गाचं, किलोमीटरमागे.
चारच्या आतली पोरं फुकट.
चारशेच्या वर माणसं असली तर निम्मा दर.
पहारेकऱ्यांचं जायचं-यायचं.
बाकीच्यांचं नुसतं जायचं.

केसांचा हिशेब तू वाच, तू धंद्यातला.
बायकांचे धुऊन, वाळवून, गोणीत;
पुरुषांचे, वीस मिलिमीटरच्या वर असतील तरच.
आपणही कापसाचा तंतू असाच ताणून बघतो
बोटांत, खिडकीच्या उजेडात.
किलोला अर्धा मार्क.
त्याचा नमदा झाला, मोज्यांचं सूत झालं,
कुणाच्या तरी मागावर ते चढलं असणार,
कुणीतरी तुटलेला धागा थुंकी लावून सांधला असणार.

टायफस होता. होताच.
तो उवांतून येतो.
आपण चादरीवाले लोक, एवढं कर:
एका फळीवर सहा जण निजव, एक चादर दे,
साबण देऊ नकोस,
पातळ सूप दे, भाकरी मोजून दे, बारा तास दगड उचलायला लाव.
मग लिही, आजारानं गेले.

"तू बघायला होतास का तात्या?"

नव्हतो.
पण पुसायला होतो एकदा.

एकोणऐंशी साल. रंगखात्यात रात्रपाळीला
सिद्राम गायकवाड उकळत्या हौदात पडला.
सेटलमेंटचा पोरगा. त्याच्या बापाची हजेरी
इंग्रजांच्या काळात तारेआड व्हायची, दिवसातून तीनदा.
साहेब खिडकीशी आले, हळू आवाजात म्हणाले,
त्या रात्री तो कामावर नव्हता.
मी रबर घेतलं. शाई निघेना.
ब्लेडनं खरवडली टिक.
कागद भुसभुशीत झाला, मग फाटला.
नावापुढं मुगाएवढं भोक पडलं,
त्यातून खालच्या पानावरचं दुसऱ्याच कुणाचं तरी
हजर दिसायला लागलं.

हे आणि ते एका तराजूत मी घालत नाही.
तेवढा मोठा तराजू सोलापुरात नाही, कुठंच नाही.
एवढंच, की "नव्हतंच" कसं लिहितात
ते माझ्या हाताला माहीत आहे.
आधी आवाज खाली येतो.
मग कुणीतरी चहा मागवतं.

भास्कर काही बोलला नाही.
त्याच्या नमुन्याच्या टॉवेलाला कडेला
एक सूत सुटलं होतं, ते तो ओढत बसला,
ओढत बसला.
म्हटलं, ओढू नको.
सगळं उसवेल.
मग म्हटलं, ओढ.